यूटी म्हणजे नुसतं यू गुणिले टी?

प्रश्न: मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. बीजगणित हा माझा कायम मार्क मिळवून देणारा विषय. अवयव पाडा, कंस सोडवा, किंमत काढा, काहीही द्या, मी करून दाखवते. पण परवा भौतिकशास्त्राच्या तोंडी परीक्षेत सरांनी एस = यूटी + ½एटी² हे सूत्र लिहायला सांगितलं. मी लिहिलं. त्यांनी यूटीवर बोट ठेवून विचारलं, ‘हे काय आहे?’ मी म्हटलं, ‘यू गुणिले टी.’ ते म्हणाले, ‘ते मलाही दिसतंय.’ मग त्यांनी ½ वर बोट ठेवलं. मी गप्प. घरी येऊन पाहिलं तर मला पाठ असलेल्या एकाही सूत्राच्या तुकड्यांचा अर्थ सांगता येईना. शाब्दिक उदाहरणांतही माझं हेच होतं. समीकरण मांडून दिलं तर सोडवते, स्वतःला मांडता येत नाही. मग इतकी वर्षं मला गणित येत होतं की नव्हतं? आता सुरुवात कुठून करू? शाब्दिक उदाहरणांचं एखादं जाडजूड गाइड आणू का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर:

येत होतं. कंस सोडवणं, अवयव पाडणं हे हाताला बसावं लागतं आणि ते बसायला वर्षं जातात. तुझं ते झालेलं आहे. मागे राहिलं ते वेगळंच. राशी समोर आली की लगेच तिचं काहीतरी करायचं, अशी आपल्याला सवय लागलेली असते. सोपं रूप द्या, किंमत काढा, सोडवा. जरा वेळ नुसतं बघत बसा असं कुणी सांगत नाही, कारण बघण्याला मार्क नसतात. तुझ्या परीक्षकांनी नेमकं तेवढंच मागितलं होतं. (‘ते मलाही दिसतंय’ हा टोला मारायची गरज नव्हती, पण प्रश्न फर्मास होता.)

तेच सूत्र घेऊन बसू. यू म्हणजे सुरुवातीचा वेग, ए त्वरण, टी वेळ, एस कापलेलं अंतर. इथवर तुला येतं. पण दोन अक्षरं शेजारी आली की त्यांची मिळून तिसरीच राशी तयार होते, आणि तिला कुणी वेगळं अक्षर दिलेलं नसतं. यू मोजायचा मीटर प्रति सेकंदात, टी सेकंदात. गुणाकार केला की सेकंदाला सेकंद जातो आणि मीटर उरतात. म्हणजे यूटी हा वेग नाही, वेळही नाही, ते एक अंतर आहे. कुठलं? ए शून्य धरून बघ. दुसरं पद गळून पडतं आणि एस = यूटी एवढंच राहतं. म्हणजे वेग मुळीच वाढला नसता, वस्तू आपल्या सुरुवातीच्याच वेगाने चालत राहिली असती, तर तिने जेवढं अंतर कापलं असतं ते यूटी. परीक्षकांना हे एक वाक्य हवं होतं.

मग दुसरं पद म्हणजे त्या अंतरात त्वरणामुळे पडलेली भर, हे ओघानेच आलं. तेही मीटरमध्येच असलं पाहिजे, कारण मीटरमध्ये मीटरच मिळवता येतात. ए आहे मीटर प्रति सेकंद वर्ग, त्याला सेकंदांच्या वर्गाने गुणलं, मीटर उरले. बरोबर. पण ½ कशासाठी, आणि टीचा वर्ग का?

आकडे घालून बघू. सुरुवातीचा वेग सेकंदाला ६ मीटर, त्वरण २, वेळ ५ सेकंद. त्वरण २ म्हणजे दर सेकंदाला वेग २ ने वाढतो, तेव्हा ५ सेकंदांनी वेगात १० ची भर पडते. सूत्रात ही भर दिसते का? दिसते, ती एटी. आता कुणी म्हणेल, जास्तीचा वेग १०, वेळ ५ सेकंद, तर जास्तीचं अंतर ५० मीटर. पण ती १० ची भर अगदी शेवटच्या क्षणी पूर्ण झाली. सुरुवातीला भर शून्य होती, मध्यावर ५, शेवटी १०. वाढ एकसारखी असल्यामुळे सरासरी भर ५, म्हणजे ½एटी. ही सरासरी भर ५ सेकंद चालली, म्हणून जास्तीचं अंतर २५ मीटर. यूटी ३०, त्यात हे २५, एकूण ५५. उलट बाजूने ताळा घे: वेग ६ पासून १६ पर्यंत गेला, सरासरी ११, पाच सेकंदांत ५५. जुळलं.

तेव्हा ½ आला सरासरीमुळे. आणि टी दोनदा आला कारण त्याने दोन वेगळी कामं केली. एकदा वेगात भर साचायला वेळ लागला, आणि त्या भर पडलेल्या वेगाने पुढे जायलाही तोच वेळ मिळाला. टी² असं आटोपशीर लिहिलं की ही दोन कामं एकमेकांखाली झाकली जातात. म्हणून सूत्र वाचताना ते मनात ‘½एटी, आणि मग त्याला टी’ असं उकलून वाच. वेग-वेळ आलेख काढलास तर हेच डोळ्यांना दिसेल: खाली यूटी क्षेत्रफळाचा आयत आणि त्याच्या डोक्यावर टी पाया व एटी उंचीचा त्रिकोण. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेम यांनी जवळपास हेच चित्र काढून ठेवलं होतं, आणि तेव्हा आजच्यासारखं अक्षरांचं बीजगणित जन्मायचं होतं. त्यांच्याकडे यूटी लिहायची सोय नव्हती. आयत होता, त्यामुळे ‘हे काय आहे’ या प्रश्नावर त्यांची अडचण झाली नसती.

आपण आत्ता काय केलं ते बघ, कारण सुरुवात कुठून करू या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे तेवढंच उत्तर आहे. तुकड्याचं एकक काढलं. त्यातली एखादी राशी शून्य करून, काय नाहीसं होतं ते पाहिलं. आणि तुकड्याचे आणखी तुकडे करून, कुठल्या क्रमाने ते जोडले गेले ते शोधलं. यात आणखी एक प्रश्न घाल: ही राशी दुप्पट केली तर या पदाचं काय होईल?

हा दुप्पटीचा प्रश्न किती कामाचा आहे ते गाडी थांबवण्याच्या सूत्रात दिसतं. चालकाला समोर अडथळा दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत कापलं जाणारं अंतर साधारणपणे असं मांडतात: व्हीआर + व्ही²/२ए. व्ही हा वेग, आर म्हणजे चालकाला ब्रेकवर पाय ठेवायला लागणारा वेळ, आणि ए म्हणजे ब्रेक लागल्यावर वेग ज्या दराने कमी होतो तो दर. पहिलं पद तू आता स्वतः वाचशील: ब्रेक लागायच्या आधीच, मेंदूतून पायापर्यंत हुकूम पोहोचेपर्यंत, गाडीने पूर्ण वेगात कापलेलं अंतर. आर शून्य असता, म्हणजे चालक क्षणार्धाचाही वेळ न घेणारा असता, तर हे पद उरलंच नसतं. दुसरं पद ब्रेक लागल्यानंतरचं. वेग शून्यावर यायला व्ही/ए इतका वेळ लागतो आणि त्या वेळातला सरासरी वेग व्ही/२. दोघांचा गुणाकार कर, व्ही²/२ए हजर. तोच सरासरीचा अर्धा इथे छेदात जाऊन बसला आहे.

आता वेग दुप्पट कर. आर १ सेकंद आणि ए ५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरू. वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर असताना दोन्ही पदं १० मीटरची आहेत, एकूण २०. वेग ताशी ७२ किलोमीटर केला की पहिलं पद २० होतं, दुसरं ४०. एकूण ६० मीटर. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. चौपट का नाही? कारण एकच पद वर्गाचं आहे. आणि वेग जसजसा वाढत जाईल तसतसं दुसरं पद पहिल्याला मागे टाकत जाईल. सूत्रात एकही आकडा न घालता हे नुसतं बघून कळतं, अट एवढीच की बघणाऱ्याला दोन पदं दोन वेगळ्या गोष्टी म्हणून दिसली पाहिजेत. रस्त्यावर मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या चालकाचं कुठलं पद वाढतं आणि ओल्या रस्त्यावर कुठलं, हे तुझं तू ठरव.

आता ½ बद्दल एक इशारा. एकदा उत्तर सापडलं की प्रत्येक ½ सरासरीचाच वाटायला लागतो. बहुभुजाकृतीच्या कर्णांची संख्या काढायचं सूत्र तुला आठवत असेल: एन(एन − ३)/२. इथे सरासरी कुठेच नाही. एन बाजू, म्हणून एन शिरोबिंदू. एका शिरोबिंदूवर उभी राहा. कर्ण कुठे कुठे काढता येतील? स्वतःकडे नाही, आणि लगतच्या दोन शिरोबिंदूंकडेही नाही, कारण तिकडे बाजूच आहेत. तीन वगळले, एन − ३ उरले. असे एन शिरोबिंदू, म्हणून एन(एन − ३). पण यात प्रत्येक कर्ण दोनदा मोजला गेला, एकदा या टोकाकडून, एकदा त्या. म्हणून भागिले २. षट्कोनात ६ × ३ = १८, निम्मे ९. काढून मोज. या सूत्रातला ३ मला फार आवडतो. दिसायला तो नुसता आकडा आहे, पण त्याच्या आत ‘मी आणि माझे दोन शेजारी’ दडलेले आहेत. आणि आता एन = ३ ठेव. उत्तर शून्य. त्रिकोणात आपण आणि दोन शेजारी सोडून कुणी उरतच नाही, म्हणून कर्ण नाही.

तिसरा ½ आणखी निराळा. कार्बन-१४ या किरणोत्सर्गी कार्बनचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे ५७३० वर्षं असतं. टी वर्षांनंतर मूळच्या किती पट कार्बन-१४ शिल्लक राहील, तर (½)^(टी/५७३०). घातासाठी मी ^ ही खूण वापरते आहे. इथला ½ म्हणजे एका अर्धायुष्यानंतर उरणारा हिस्सा. आणि घातांक? टी वर्षांत, ५७३० ही वर्षांत, भागाकार केला की वर्ष निघून जातं आणि नुसती संख्या राहते: किती अर्धायुष्यं उलटली. ११४६० वर्षं झाली असतील तर दोन, म्हणजे पाव हिस्सा उरला. घातांकात बसलेल्या गोष्टीला एकक उरता कामा नये. एक संख्या स्वतःशी ‘तीन वर्षं’ वेळा गुणायची याला काही अर्थ नाही. घातांकात अपूर्णांक दिसला की वर वेळ आणि खाली त्याच एककातला एखादा कालावधी आहे का ते आधी तपासावं.

घातांकावरून चक्रवाढीकडे येऊ, कारण कंस वाचायची सवय तिथे लागते. पी(१ + आर)^एन. (अक्षर तेच, पण इथला आर म्हणजे व्याजदर. मघाचा आर गाडीबरोबर गेला.) यातला १ काय करतो असं विचारलं तर बरेच जण म्हणतात, सूत्रातच आहे. तो १ म्हणजे आधीची पूर्ण रक्कम, आर म्हणजे तिच्यावर चढणारा हिस्सा. ८ टक्के दर असेल तर कंसात १.०८, म्हणजे होतं ते सगळं अधिक आठ शतांश. एकाच कालावधीचा हिशोब करताना १ काढून टाकलास तर फक्त व्याज हातात राहील आणि मुद्दल गायब. पण खरी गंमत अशी की हा कंस फोडायचा नाही. तुझे हात शिवशिवतील, कारण कंस दिसला की सोडवायचा हे तुला पक्कं शिकवलं आहे. इथे सगळा अर्थ कंस बंद राहण्यातच आहे. (१ + आर)^एन हा अख्खा तुकडा म्हणजे एन कालावधींत रक्कम किती पट झाली, आणि त्यात पी कुठेही नाही. मुद्दल केवढंही असो, पट तीच. सूत्र दोन भागांत बोलतं: कशापासून निघालो, आणि ते किती पट झालं.

दर उतरता असेल तर कंसात वजाबाकी येते. दरवर्षी १५ टक्क्यांनी घटणारी गोष्ट म्हणजे (०.८५)^एन. इथे ०.८५ वाचताना पुष्कळांची गल्लत होते, त्याला घट समजतात. घट ०.१५ आहे, ०.८५ हा उरलेला हिस्सा. आणि एखादी गोष्ट महिन्याला २ टक्क्यांनी वाढत असेल तर टी वर्षांनंतरची पट (१.०२)^(१२टी). घातांकातला १२ हा वर्षातले महिने. हेच ((१.०२)^१२)^टी असं लिहून आतला कंस मोजला की सुमारे १.२६८ येतात. म्हणजे वर्षाची वाढ जवळजवळ २६.८ टक्के, २ गुणिले १२ करून २४ म्हणणारा चांगले पावणेतीन टक्के चुकला. किंमत दोन्ही रूपांत एकच, पण पहिलं रूप महिन्याची वाढ दाखवतं आणि दुसरं वर्षाची.

रूप बदललं की वेगळी माहिती दिसते, हा मुद्दा तुझ्या आवडीच्या कामाशी थेट जोडलेला आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. २५ मीटर उंचीवरून एक चेंडू सरळ वर फेकला, वेग सेकंदाला २० मीटर. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरू, हवेचा विरोध सोडून देऊ. टी सेकंदांनंतरची उंची:

−५टी² + २०टी + २५

आता हे तुकडे तुझ्या ओळखीचे आहेत. २५ ही टी = ० असतानाची उंची. २०टी म्हणजे गुरुत्वाकर्षण नसतं तर चेंडू जेवढा वर गेला असता ते. −५टी² म्हणजे गुरुत्वाकर्षणाने त्यातून ओढून घेतलेलं अंतर. ५ हा १० चा अर्धा, आणि हा अर्धा सरासरीवालाच. अवयव पाड:

−५(टी − ५)(टी + १)

आता २५ दिसत नाही, २० दिसत नाही. पण चेंडू ५ सेकंदांनी जमिनीवर येतो हे उघड झालं. आणि पूर्ण वर्ग केलास तर:

−५(टी − २)² + ४५

वर्गाचा तुकडा ऋण चिन्हाखाली आहे, म्हणजे तो ४५ मधून काहीतरी काढूनच घेणार, भर कधीच घालणार नाही. तो शून्य होतो तेव्हा, म्हणजे टी = २ ला, चेंडू सर्वांत वर असतो, ४५ मीटरवर. तीन ओळी, एकच चेंडू. कुठून निघाला ते पहिली सांगते, कधी पडेल ते दुसरी, किती वर जाईल ते तिसरी. अवयव पाडणं आणि पूर्ण वर्ग करणं तुला डोळे मिटून येतं. कशासाठी पाडायचे, हेच तुला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

आणि (टी + १) चं काय? टी = −१ हे उत्तर ‘वेळ ऋण नसते, म्हणून अग्राह्य’ असं लिहून आपण खोडतो. परीक्षेपुरतं ठीक आहे. पण मी तुझ्या जागी असते तर खोडण्याआधी विचारलं असतं, ते आलं कुठून? राशीला हातातून चेंडू सुटल्याचं माहीत नाही. ती त्याच नियमाने मागेही जाते. चेंडू जणू एक सेकंद आधी जमिनीवरूनच निघाला असता, सेकंदाला ३० मीटर वेगाने, तर तो टी = ० ला बरोबर २५ मीटरवर, सेकंदाला २० मीटर वेगाने असता. पुढे ५ व्या सेकंदाला तो जमिनीला टेकतो तेव्हा वेग पुन्हा ३०. नाकारलेल्या उत्तरालाही अर्थ होता, फक्त आपल्या प्रश्नाच्या हद्दीबाहेरचा.

स्थिर पदाबाबत एक छोटा खड्डा आहे, तोही बघून ठेव. सेल्सिअसचं फॅरनहाइट करताना १.८सी + ३२ वापरतो. १.८ हा बदलाचा दर आहे: सेल्सिअस १ अंशाने चढलं की फॅरनहाइट १.८ अंशांनी चढतं. ३२ फक्त एवढंच सांगतो की सेल्सिअसच्या शून्यावर फॅरनहाइटचा काटा ३२ वर असतो. आता ‘तापमान २ अंश सेल्सिअसने वाढलं’ हे फॅरनहाइटमध्ये किती? चांगली शिकलेली माणसं सूत्रात २ घालून ३५.६ अंशांनी वाढलं असं सांगतात. खरं उत्तर ३.६. वाढीत ३२ चा संबंध नाही. तो आधीच्या तापमानातही होता आणि नंतरच्याही, वजाबाकीत उडून गेला. सूत्र पाठ असून भागलं नाही, कुठला तुकडा स्थितीचा आणि कुठला बदलाचा, हे माहीत असावं लागलं.

शाब्दिक उदाहरणं म्हणजे हेच काम उलट दिशेने, आणि तिथे सगळ्यात जास्त घोळ घालणारी चूक एकच आहे. असं वाक्य घे: ‘या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत.’ विद्यार्थ्यांसाठी वि आणि प्राध्यापकांसाठी प्रा घेऊन समीकरण लिही. पुढे वाचण्याआधी खरंच लिही.

६वि = प्रा लिहिलंस? तर तू एकटी नाहीस. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न दिला होता, आणि त्यांतल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक जणांचं चुकलं. बहुतेकांनी असंच उलटं लिहिलं. वाक्यात शब्द ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने अक्षरं उतरवली जातात, किंवा मनात चित्र येतं की एका प्राध्यापकापुढे सहा विद्यार्थी बसलेत, आणि ते चित्रच कागदावर उतरतं: सहा विद्यार्थी, एक प्राध्यापक. चित्र बरोबर आहे, पण त्यात ‘वि’ हे अक्षर विद्यार्थी या शब्दाचं लघुरूप झालं. बीजगणितात वि म्हणजे विद्यार्थी नव्हेत, विद्यार्थ्यांची संख्या. ती मोठी संख्या आहे. तिला आणखी सहाने गुणलं तर ती प्राध्यापकांच्या संख्येइतकी कशी होईल? लहान संख्येला सहाने गुणायचं: वि = ६प्रा. प्रा १० ठेव, वि ६० येतात. झाला ताळा.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘बीजगणित’ हा ग्रंथ लिहिला तेव्हा एकाहून जास्त अज्ञात राशी असतील तर त्यांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं देण्याची पद्धत होती, बहुतेक रंगांचीच. ही सोय मला आपल्या आद्याक्षरांपेक्षा शहाणपणाची वाटते. नीलक म्हटल्यावर कुणी त्याला वस्तूचं नाव समजणार नाही. तुझा घोळ होत असेल तर काही दिवस मुद्दाम वि, प्रा टाळ आणि क्ष, य घे; आणि वर पहिल्या ओळीत ‘क्ष = विद्यार्थ्यांची संख्या’ असं पूर्ण लिही. ‘क्ष = विद्यार्थी’ एवढ्यावर भागवू नकोस. जिथे एकक आहे तिथे तेही: ‘टी = फेकल्यापासूनचा वेळ, सेकंदांत’. ही एक ओळ लिहायचा कंटाळा केला की पुढे पानभर निस्तरावं लागतं.

मांडून झालेल्या समीकरणाचीही अशीच चाचणी घ्यायची. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे वाचून दाखव. डावीकडे काय आहे, मीटर की सेकंद की माणसं? उजवीकडेही तेच आहे का? नसेल तर सोडवायला घेऊच नकोस.

एवढं सगळं सांगितल्यावर उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर तू प्रत्येक ओळीपाशी अडून बसशील. बीजगणिताची ताकद यातच आहे की मधल्या वाटेवर अर्थ सोडून देता येतो. पूर्ण वर्ग करताना आपण ४ मिळवतो आणि ४ वजा करतो. चेंडूच्या गोष्टीत तो ४ कोण, असं विचारण्यात अर्थ नाही, तो कुणीही नाही. फ्रेंच गणिती फ्रान्स्वा व्हिएत यांनी १५९१ मध्ये अज्ञात राशींना स्वर आणि ज्ञात राशींना व्यंजनं वापरायला सुरुवात केली. त्यामुळे पहिल्यांदाच एका प्रश्नाऐवजी त्या जातीचे सगळे प्रश्न एकदम सोडवता येऊ लागले, आणि ते शक्य झालं कारण मधल्या पायऱ्यांना कुठल्याच खऱ्या वस्तूशी बांधून राहावं लागत नव्हतं. मांडताना अर्थ हवा, उत्तर हातात आल्यावर अर्थ हवा. मधे तुझे हात वेगाने चालतात ते चालू दे. ती तुझी जमेची बाजू आहे, तिच्यावर शंका घेऊ नकोस.

गाइड आणू नकोस. त्यात प्रत्येक उदाहरण मांडून दिलेलं असतं आणि तू ते सोडवून मोकळी होशील, म्हणजे जे येतं त्याचाच सराव. त्यापेक्षा तुझ्या भौतिकशास्त्राच्या वहीतली सूत्रं घे आणि प्रत्येकातल्या प्रत्येक पदाखाली पेन्सिलीने एकक लिही, एककाखाली चार शब्द: कशाचं अंतर, कुठली ऊर्जा, केव्हाचा वेग. ½एमव्ही² पासून, म्हणजे गतिज ऊर्जेच्या सूत्रापासून (एम वस्तुमान, व्ही वेग), सुरू कर. त्यातला ½ वरच्या तिघांपैकी कुठल्या जातीचा आहे ते शोधायचं असेल तर स्थिर वस्तूला एकसारख्या बलाने ढकल आणि केलेलं कार्य, म्हणजे बल गुणिले अंतर, मांडून बघ. अंतर कसं काढायचं ते तुला आता माहीत आहे.